मांजरीच्या पिल्लाचे जुलाब उद्यावर ढकलू नयेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आईपासून दुरावलेली मांजरीची पिल्ले सांभाळण्याचे काम मी पशुवैद्यांच्या मार्गदर्शनाखाली बरीच वर्षे करत आले आहे. या काळात पिल्ले दगावण्याची जी कारणे जवळून पाहिली, त्यांत पोट बिघडण्याचा वाटा फार मोठा होता. त्याहून खेदाची गोष्ट अशी, की त्यांतल्या पुष्कळ पिल्लांचा मूळ आजार बरा होण्यासारखा होता. ती गेली उपचाराला झालेल्या उशिरामुळे, किंवा घरच्यांनी चांगल्या हेतूनेच केलेल्या चुकीच्या उपायांमुळे. मोठ्या माणसाला दिवसभर जुलाब झाले तर तो थकतो, थोडे पथ्य करतो आणि दुसऱ्या दिवशी सावरतो. त्याच हिशेबाने पिल्लाकडे पाहिले जाते, ‘आज बघू, उद्या नेऊ’ असे म्हटले जाते, आणि तेवढ्या वेळात पिल्लू हातचे जाते. हा उशीर टळावा एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

पिल्लाचे शरीर म्हणजे मोठ्या मांजराची लहान प्रतिकृती, असे समजणे हीच पहिली गफलत असते. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅमच्या आसपास असते, त्यानंतर ते रोज सुमारे १० ते १५ ग्रॅमने वाढते आणि पहिल्या दोन आठवड्यांत दुप्पट होते. या इवल्याशा शरीराचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पाणी असतो. लघवीवाटे जाणारे पाणी अडवून धरण्याची मूत्रपिंडांची क्षमता अजून पुरती आलेली नसते आणि अडीअडचणीला वापरण्यासाठी यकृतात साठवलेली साखरही अगदी थोडी असते. त्यामुळे चार-सहा वेळा पातळ शी झाली की पाणी आणि क्षार झपाट्याने कमी होतात, खाणे थांबले की काही तासांतच रक्तातील साखर उतरते, साखर उतरली की अंग गार पडू लागते, आणि अंग गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते. अशा वेळी पोटात गेलेले दूध पचत नाही. ते तिथेच राहते, आंबते, पोट फुगते किंवा दूध उलटून श्वासनलिकेत शिरते. एकातून दुसरे उद्भवणारी ही मालिका कोठे तरी तोडावी लागते, आणि ती तोडण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी ऊब, मग पाणी व साखर, आणि अन्न सर्वांत शेवटी. गार पडलेल्या पिल्लाला ‘भुकेने मलूल झाले आहे’ असे समजून घाईने दूध पाजणे अत्यंत धोक्याचे आहे, हे मला पुनःपुन्हा सांगावेसे वाटते.

ऊब देतानाही घाई करू नये. पहिल्या आठवड्यातील पिल्लाचे तापमान साधारण ३५ ते ३७ अंश सेल्सिअस असते आणि पुढे काही आठवड्यांत ते मोठ्या मांजराइतके, म्हणजे ३८ ते ३९ अंशांच्या घरात जाते. गरम पाण्याची बाटली जाड फडक्यात गुंडाळून पिल्लाच्या शेजारी ठेवावी आणि नको वाटल्यास त्याला दूर सरकता येईल एवढी जागा मोकळी ठेवावी. उघड्या गरम पृष्ठभागावर ठेवलेल्या पिल्लांची कातडी भाजते, कारण फार लहान किंवा अशक्त पिल्लाला स्वतःहून बाजूला होता येत नाही.

आता दुधाविषयी. मांजराच्या पिल्लाला गाईचे दूध द्यावे ही समजूत इतकी खोलवर रुजलेली आहे, की तिच्याविरुद्ध बोलले तर लोकांना आश्चर्य वाटते. मांजरीच्या दुधात प्रथिने गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट असतात आणि पिल्लाची वाढ प्रामुख्याने या प्रथिनांवर व स्निग्धांशावर होते. गाईच्या दुधाने त्याचे पोट भरते, पण पोषण होत नाही. शिवाय दुधातील लॅक्टोज ही साखर पचवणारे विकर, म्हणजे लॅक्टेज, पिल्लू आईच्या दुधावरून उतरू लागले की कमी कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, तिथले जिवाणू ती आंबवतात, आणि पातळ शी सुरू होते. म्हणून आई नसलेल्या पिल्लासाठी मांजरांकरता खास तयार केलेली दूध पावडर वापरावी, पाकिटावर दिलेल्या प्रमाणातच ती कालवावी, आणि अधिक शक्ती मिळेल म्हणून दाट किंवा पुरवठ्याला यावी म्हणून पातळ करू नये. दाट दुधानेही पोट बिघडते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

किती पाजावे हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अगदी लहान पिल्लाच्या पोटात एका वेळी दर १०० ग्रॅम वजनामागे साधारण ४ मिलिलिटर दूध सुखाने मावते. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पाजणे भाग असते, रात्रीचाही त्याला अपवाद नसतो. दोन वेळचे एकदम पाजून रात्रीची झोप वाचवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. परंतु बाटलीवर वाढणाऱ्या पिल्लांमधील जुलाबांचे सर्वांत नेहमीचे कारण हे अति पाजणेच असते. पाजताना पिल्लू पोटावर असावे, मान किंचित वर असावी, म्हणजे ते आईला पिताना असते तसेच. माणसाच्या बाळाप्रमाणे उताणे धरून पाजले तर दूध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. शिवाय साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटून ते काम करते, आणि आई नसेल तर प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलक्या हाताने पुसून ते आपल्याला करावे लागते. हे कोणी सांगितलेले नसल्याने पिल्लाचे पोट फुगत जाते आणि घरचे अपचन समजून औषध शोधत राहतात.

पिल्लाची शी रोज पाहणे अनेकांना किळसवाणे वाटते. मला ते पिल्लू सांभाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य वाटते. बाटलीच्या दुधावरील निरोगी पिल्लाची शी पिवळसर आणि मलमासारखी मऊ असते, आणि घन अन्न सुरू झाल्यावर ती तपकिरी व बांधीव होत जाते. पिवळी पण पातळ शी बहुधा अति पाजण्याची सूचना देते; हिरवट छटा आली तर अन्न आतड्यांतून नको इतक्या वेगाने पुढे सरकते आहे; करडी-पांढरी, दह्याच्या कवड्यांसारखी शी म्हणजे दूध पचतच नाही. डांबरासारखी काळी, चिकट शी असेल तर आतड्याच्या वरच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते, तर लाल रक्त आणि शेम दिसणे व पिल्लाने पुनःपुन्हा थोडी थोडी शी करणे हे मोठ्या आतड्याच्या दुखण्याचे लक्षण असते. पशुवैद्यांकडे जाताना ताजी शी स्वच्छ डबीत घेऊन जावी; निदान तिचे छायाचित्र तरी काढून ठेवावे. ‘पातळ होते आहे’ या दोन शब्दांपेक्षा त्याने निदानाला कितीतरी अधिक मदत होते.

जंत हे दुसरे मोठे कारण. टॉक्सोकारा कॅटी या गोलकृमीच्या अळ्या आईच्या दुधातून पिल्लाच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून ‘आमचे पिल्लू घराबाहेर पाऊलही टाकत नाही, त्याला जंत कोठून होणार’ हा युक्तिवाद टिकत नाही. पाठीच्या मणक्यांना हात लागावा इतके शरीर हडकलेले आणि पोट मात्र नगाऱ्यासारखे, असे पिल्लू दिसले की बहुतेक वेळा जंतच निघतात. कधी उलटीतून शेवयांसारखे जिवंत जंत पडतात. अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात आणि पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या पडतात. पट्टकृमीचा प्रसार पिसवांमधून होतो. अंग चाटताना पिल्लू पिसू गिळते आणि काही आठवड्यांनी त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसू लागतात. पिसवांचा बंदोबस्त न करता केवळ पट्टकृमीचे औषध देत राहणे त्यामुळे व्यर्थ ठरते. (पिसवांसाठी कुत्र्यांचे औषध मात्र मांजरावर कधीही वापरू नये, त्यातील परमेथ्रिन मांजरासाठी जीवघेणे विष आहे.) जंतनाशक औषध साधारण तिसऱ्या आठवड्यापासून सुरू करतात, आईचे दूध सुटेपर्यंत दर दोन आठवड्यांनी देतात आणि पुढे सहा महिन्यांचे होईपर्यंत दरमहा देतात. मात्र मात्रा वजनावर ठरते आणि प्रत्येक औषध प्रत्येक जंतावर चालत नाही, म्हणून अंदाजाने गोळीचा तुकडा मोडून देऊ नये.

जंतनाशक देऊनही जुलाब थांबत नसतील तर कॉक्सिडिया, जिआर्डिया किंवा ट्रायट्रायकोमोनास या एकपेशीय परजीवींचा विचार करावा लागतो. हे डोळ्यांना दिसत नाहीत आणि नेहमीच्या जंतनाशकांपैकी बरीचशी त्यांच्यावर निरुपयोगी ठरतात. जिआर्डिया तर शीतून रोज बाहेर पडतोच असे नाही. एका तपासणीत काही सापडले नाही म्हणून तो नाहीच असे म्हणता येत नाही, आणि त्यासाठी वेगवेगळ्या दिवसांचे नमुने तपासावे लागतात. ट्रायट्रायकोमोनासमध्ये पिल्लू खाते-पिते, खेळते, पण दुर्गंधीयुक्त सैल शी आठवडेच्या आठवडे चालू राहते. त्याचे खात्रीशीर निदान बहुधा पीसीआर चाचणीने होते. अशा पिल्लाला एकामागून एक प्रतिजैविके देऊन पाहणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. कारण न शोधता दिलेली प्रतिजैविके आतड्यातील उपयुक्त जिवाणूही मारतात आणि पोट अधिकच बिघडवतात. जुलाब हे लक्षण आहे. ते दडपणे म्हणजे आजार बरा करणे नव्हे.

आणि ज्याची सर्वाधिक धास्ती घ्यावी तो आजार म्हणजे पॅनल्युकोपेनिया. हा मांजरांचा पार्व्होविषाणू झपाट्याने विभाजित होणाऱ्या पेशींवर हल्ला करतो, म्हणजे एकाच वेळी आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा या दोन्हींवर. पिल्लाला ताप येतो, ते खाणे सोडते, वारंवार उलट्या करते, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसते पण पीत नाही. जुलाब नंतर लागतात. काही पिल्ले तर जुलाब लागण्याआधीच जातात, म्हणून ‘शी चांगली आहे ना, मग काळजी नको’ असे म्हणता येत नाही. या विषाणूला थेट मारणारे सर्वमान्य औषध नाही; शिरेतून द्रव देणे, उलटी थांबवणे, ऊब, पोषण आणि दुसऱ्या जंतुसंसर्गापासून संरक्षण यांच्या बळावर शरीराला लढायला वेळ मिळवून द्यावा लागतो. लवकर दाखल केलेली पिल्ले वाचतात, हे मी पाहिले आहे. माणसाला हा आजार होत नाही. मात्र आपल्या चपला, कपडे आणि हात यांवरून तो एका मांजराकडून दुसऱ्याकडे सहज पोहोचतो.

कारणांच्या या यादीत एक अगदी वेगळे कारण आहे आणि ते घराघरात पडलेले असते: दोरा. शिवणाचा धागा, लोकरीचा तुकडा, केसांचे रबर, फीत यांच्याशी पिल्लू खेळते आणि जिभेवरील मागे वळलेल्या काट्यांमुळे तोंडात गेलेली वस्तू थुंकून टाकणे त्याला जमत नाही. दोऱ्याचे एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठरात अडकते आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे जाऊ पाहतो, तेव्हा नाडी ओढलेल्या कापडासारख्या आतड्याला चुण्या पडतात आणि दोरा आतड्याची भिंत कापू शकतो. तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला तर तो मुळीच ओढू नये. सतत उलट्या, अन्नाला न शिवणे आणि पोटाला हात लावताच कळवळणे ही लक्षणे असतील तर ही वेळ शस्त्रक्रियेची असू शकते.

पोट बिघडण्याची सगळीच कारणे अशी गंभीर नसतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नव्या घरी आलेल्या आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला जागा बदलल्याच्या ताणाने आणि अन्न अचानक बदलल्यामुळे एक-दोनदा सैल शी होते. ते खेळत असेल, खात असेल आणि उलटी नसेल तर आधीचेच अन्न पुन्हा सुरू करून, ते थोड्या थोड्या प्रमाणात अधिक वेळा देऊन, स्वच्छ पाणी समोर ठेवून दिवसभर लक्ष ठेवणे पुरते. नवे अन्न सात ते दहा दिवसांत, जुन्यात थोडे थोडे मिसळत वाढवावे. कांदा, लसूण आणि मसाल्याचे पदार्थ मांजराच्या अन्नात येऊच नयेत. कांदा-लसणाने त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

परंतु पोटाला विश्रांती म्हणून लहान पिल्लाला दिवसभर उपाशी ठेवणे मात्र घातक आहे. मोठ्या प्राण्यांसाठी पूर्वी सांगितला जाणारा हा उपाय पिल्लाला लावला तर जुलाबाआधी उपासमारच त्याचा जीव घेते. माणसांची जुलाब थांबवणारी औषधेही देऊ नयेत, कारण आतड्यांची हालचाल अडवली की जंतू आणि त्यांची विषे आतच राहतात. काही औषधांत ॲस्पिरिनच्या जातीचे घटक असतात आणि मांजराच्या यकृताला त्यांचा निचरा नीट करता येत नाही. ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल देणे तर सरळ विष देणे आहे. त्याने मांजराच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते, आणि मोठ्या मांजरालाही माणसाची एक गोळी जीवघेणी ठरू शकते. यकृताच्या याच उणिवेमुळे पिल्लाची जागा फिनॉलयुक्त जंतुनाशकांनी पुसू नये.

मग पशुवैद्यांकडे केव्हा जावे? आठ आठवड्यांखालील पिल्लाला पातळ शी होत असेल तर त्याच दिवशी. उलटी आणि जुलाब एकत्र असतील, शीत रक्त असेल, पिल्लाने लागोपाठ दोन वेळचे खाणे नाकारले असेल, हिरड्या कोरड्या, चिकट किंवा पांढऱ्या दिसत असतील, अंग गार लागत असेल किंवा पिल्लू मलूल पडले असेल, तर वय न पाहता तत्काळ. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडून पाहण्याची पद्धत अनेकांना माहीत असते, पण अगदी लहान पिल्लांत तिच्यावर विसंबता येत नाही. हिरड्यांचा ओलावा आणि पिल्लाची तरतरी यांकडे पाहणे बरे. वाटेत पिल्लू फारच ढेपाळले तर साखरेच्या पाकाचा किंवा मधाचा एखादा थेंब हिरड्यांवर बोटाने चोळावा. गिळण्याची शुद्ध नसलेल्या पिल्लाच्या तोंडात पाणी किंवा दूध कधीही ओतू नये. त्याला द्रव कातडीखालून किंवा शिरेतून द्यावा लागतो आणि ते काम पशुवैद्यांचे आहे.

पिल्लू सांभाळणाऱ्या प्रत्येक घरात ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा असावा, असा माझा आग्रह असतो. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहिले, तर आजार शीत दिसण्याआधी वजनात दिसतो. एक दिवस वजन वाढले नाही तर सावध व्हावे. कमी झाले तर वाट पाहू नये. त्या वहीतील नोंदी, काय खाल्ले, कितीदा शी झाली, जंतनाशक केव्हा दिले, या गोष्टी पशुवैद्यांसमोर ठेवल्या की तपासणीतील बराच वेळ वाचतो.

घरातील माणसांनीही काळजी घ्यावी. पिल्लाची शी रोज उचलावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत, कारण गोलकृमीची अंडी माणसाच्या, विशेषतः मुलांच्या पोटात गेली तर त्रास होऊ शकतो. गर्भाला अपाय करू शकणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीने गरोदर स्त्रीच्या घरातून पिल्लू हाकलून देण्याची गरज नसते. या परजीवीची शीतून पडलेली अंडी संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात, त्यामुळे घरातील दुसऱ्या व्यक्तीने रोजच्या रोज सफाई केली तर तो धोका फार कमी होतो.

पॅनल्युकोपेनियाविरुद्धच्या लसीकरणाची पहिली मात्रा सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात आणि त्यापुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचे होईपर्यंत, ती पुन्हा देतात. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सुरुवातीच्या लसीचा परिणाम रोखू शकतात आणि ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते, म्हणून एका मात्रेवर थांबणे म्हणजे संरक्षण अर्धवट सोडणे होय. ज्या घरात पॅनल्युकोपेनियाने पिल्लू गेले असेल तेथे हा विषाणू वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ तग धरू शकतो. नेहमीच्या साबणाने तो मरत नाही. जागा आधी धुऊन मग घरगुती ब्लीच एक भागास बत्तीस भाग पाणी या प्रमाणात मिसळून निदान दहा मिनिटे ओले ठेवावे लागते, आणि धुता न येणाऱ्या गाद्या व खेळणी टाकून द्यावी लागतात. दुःख हलके व्हावे म्हणून अशा घरात लगेच दुसरे पिल्लू आणले जाते. ते आणायचेच असेल तर लसीकरण पूर्ण झालेलेच आणावे, आणि आणण्यापूर्वी पशुवैद्यांना घरात काय घडले होते ते स्पष्ट सांगावे.

आपली नम्र,
एक वाचक